डाव्या कानाची मेंढरं

आमच्या चिपळूणात कुणी विचारलं, "कुठे गेला होतात?" आणि मी "इंदापूरला" म्हटलं, की समोरच्याचा चेहरा कोरा होतो. महाबळेश्वर म्हटलं असतं तर स्ट्रॉबेरीची चौकशी झाली असती. इंदापूर म्हटल्यावर एकच प्रश्न येतो, "तिथे काय आहे?" सोलापूरला जाताना चहासाठी गाडी थांबते ते गाव, एवढीच माझीही माहिती होती. आता आठ दिवस राहून आल्यावर सांगते, तिथे पुष्कळ काही आहे. तेवीस मेंढरं तर मी स्वतः पाहून आले, आणि त्यांच्यापायी माझं आयुष्यभराचं मास्तरकीचं पितळ कसं उघडं पडलं तेही सांगणार आहे.

मी चित्रकलेची शिक्षिका. निवृत्त झाले तरी खोड जात नाही, म्हणून कुठे कुठे ठसेचित्रांची शिबिरं घेते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्यावर शाई फिरवायची आणि कागदावर दाबून ठसा उमटवायचा, असं ते काम. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या अशाच एका शिबिरात शेळगावची सारिका आली होती. दहा दिवसांत तिने फक्त मेंढ्या काढल्या. मी म्हटलं, "अगं, झाड काढ, माणूस काढ." ती मान डोलवायची आणि पुन्हा मेंढी काढायची. यंदा तिचा फोन आला, "बाई, बारामतीला माझं पहिलं प्रदर्शन आहे. पुढच्या रविवारी. त्याआधी भट्टी लावणार आहे. या ना आठ दिवस." मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

इंदापूर

इंदापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा फाल्गुनातलं ऊन टाळूवर बसत होतं. सारिका स्कूटर घेऊन उभी होती. हाताच्या नखांत माती, ओढणीवर काळ्या शाईचा डाग, आणि तोंडभर हसू. आधी जेवण, मग शेळगाव, असं तिने ठरवलंच होतं.

उजनीचं पाणी जवळ असल्यामुळे इथे मासे मिळतात, हे मला ठाऊक नव्हतं. हॉटेलवाल्याने चिलापीचं ताट पुढे ठेवलं. कोकणातली बाई गोड्या पाण्यातल्या माशाकडे कशी बघते ते कोकणातल्या बाईलाच विचारा. मी नाकाने कोकमाची सोलं शोधत होते. पण लाल तिखटात बुडवून कुरकुरीत तळलेला तो मासा असा काही लागला, की मी दुसरा मागवला, आणि दुसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. माशांचं ज्ञान पाजळणारी मी, भर इंदापुरात कोरड्या भाकरीचे गोळे गिळत बसले. "बाई, तुमच्याकडं काटे काढून खात्यात का काट्यासकट?" हॉटेलवाल्याने अगदी काळजीने विचारलं. सारिका पाण्याचा तांब्या धरून दुसरीकडे बघत हसत होती.

मग बारामतीच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच डाळिंबाच्या बागा, पुन्हा ऊस. पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर गाणी लावलेली, आणि त्याला ओलांडायची सोय नाही. आमच्याकडे डोंगर आडवा येतो, इथे ऊस. अर्धा तास त्या ट्रॅक्टरमागून जाताना त्याची सगळी गाणी मला पाठ झाली.

शेळगाव

सारिकाचं घर मळ्यात आहे. पुढे पत्र्याची पडवी, मागे गोठा, आणि गोठ्यापलीकडे लांबट शेड. गेल्याबरोबर तिच्या आईने, मंदाताईंनी, चहा दिला. एक घोट घेतला आणि दात शिवशिवले. "साखर कमी चालते मला," मी म्हटलं. मंदाताईंना ते खरं वाटेना. "असू द्या की, घरच्याच उसाची हाय," त्या म्हणाल्या आणि कप पुन्हा भरला. पुढचे आठ दिवस मी हा विषय काढला नाही.

पडवीत सारिकाचे आजोबा बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. उंच, वाळलेले, पांढरं मुंडासं. त्यांनी माझ्यासाठी काळं घोंगडं अंथरलं. मी संकोचाने कडेला टेकले तर म्हणाले, "मधी बसा बाई. घोंगडं कडंला बसायसाठी अंथरत न्हायत." घोंगडं टोचत होतं, पण मान मोठा होता. मी मधोमध बसले.

या घरात पूर्वी मेंढरं होती. आबा पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडायचे ते चार-सहा महिन्यांनी परतायचे. पुढे कालव्याचं पाणी आलं, माळ ऊस झाले, चरायला जागा उरली नाही. सारिका सातवीत असताना आबांनी कळप विकला आणि स्वतः ऊस लावला. ऊस चांगला होतो, घर पक्कं झालं, सारिका शिकली. पण त्या दिवसानंतर आबांनी मेंढरांचा विषय काढला नाही, की त्या शेडकडे, म्हणजे जुन्या वाड्याकडे, जिथे कळप बसायचा तिकडे, पाऊल टाकलं नाही. सारिकाने आपलं काम नेमकं तिथेच मांडलं होतं.

मी आत गेले आणि दारातच थांबले. एका भिंतीवर कोळशाने काढलेली रेखाटनं, दुसऱ्या भिंतीवर दोरीला चिमटे लावून टांगलेले ठसे. मधोमध ठसे काढायचं यंत्र, ते तिने शेजारच्या अंथुर्ण्याच्या एका ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून घडवून घेतलेलं. दोन लोखंडी रूळ आणि फिरवायला जुन्या कडबाकुट्टीचं, म्हणजे चारा कापायच्या यंत्राचं, चाक. आणि जमिनीवर, गोणपाटांवर, तेवीस मेंढरं. मातीची, वाळलेली, अजून न भाजलेली. कुठली मान वळवून बघतेय, कुठली दुसरीच्या पाठीवर हनुवटी टेकून उभी. तळ्याच्या गाळात राख आणि मेंढ्यांच्या लेंड्या कालवून तिने ती घडवली होती. लोकरीसाठी काथ्याचा कुंचला फिरवला होता. प्रत्येकीला नाव होतं. ही मोरी, ही भुंडी, ही काळतोंडी. लहानपणी जेवढी ओळखीची होती तेवढीच केली, ती म्हणाली.

तीस वर्षं मुलांना शिकवत आले, त्यातलं एखादं पोर असं काही करून दाखवेल ही आशा मी कधीच सोडून दिली होती. मी तिला जवळ घेतलं आणि माझी चांगली साडी मातीने भरली.

"आबांनी पाहिलं?" मी विचारलं.

तिचं हसू मावळलं. "नाही. बोलावलं की म्हणतात, बघू. बाई, प्रदर्शनाला कुणी नाही आलं तरी चालेल मला. आबांनी एकदा यावं आणि म्हणावं, ही आपली मेंढरं. एवढंच."

आता हे ऐकून गप्प बसेल ती मी कसली.

आबा शेडमध्ये येतात

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं असा बेत होता. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं दाट, गरम कढण. आमच्याकडे कुळथाचं पिठलं असतं त्याचं हे देशावरचं भावंड. दोन वाट्या पोटात गेल्यावर मला धीर आला. मी म्हटलं, "आबा, मी कोकणातली. मला शेळी-मेंढीतला फरक धड कळत नाही. तुम्ही येऊन सांगाल का, ही पोरगी बरोबर करतेय की नाही?"

खोटं होतं, पण कामाला आलं. पाहुण्याने मागितलं म्हणून आबा उठले.

दाराशी ते जरा थबकले. मग वाकून आत आले. मग खाली बसून एकेकीवरून हात फिरवू लागले. पाठ, मान, तोंड. "मोरी हाय ही," ते स्वतःशीच पुटपुटले. सारिकाने माझा हात घट्ट धरला. मग त्यांचा अंगठा कानावर गेला आणि थांबला. दुसऱ्या मेंढीच्या कानावर गेला. तिसऱ्या.

"चांगली केलीस पोरी," ते उठत म्हणाले. "पर ही आपली न्हायत."

"आबा, आपलीच की."

"न्हाय. आपली खाच डाव्या कानाला. ही समदी उजव्या कानाची हायत." आणि ते निघून गेले.

माझ्यासारखीच ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगते. कळप एकमेकांत मिसळले की कुणाचं मेंढरू कोणतं हे कळावं म्हणून पिल्लाच्या कानाला लहानपणीच खाच मारतात. इथल्या प्रत्येक घराची खाच ठरलेली. आबांच्या घराची डाव्या कानाला, टोकाजवळ. उजव्या कानाची खाच वरच्या वस्तीवरच्या लोकांची. एका भरकटलेल्या मेंढरावरून त्या लोकांशी आबांनी म्हणे चार वर्षं बोलणं टाकलं होतं.

सारिका रेखाटनांच्या भिंतीपाशी धावली. रेखाटनांत खाच डाव्या कानाला होती. ठशांत उजव्या. ठसा उलटा उमटतो, हे पहिल्या दिवशी शिकवायचं असतं. आणि मातीकाम करताना तिने समोर ठसेच टांगले होते, तेच बघून कान घडवले.

"अगं, उलटं कोरायला हवं होतंस," मी जरा मास्तरी आवाजात म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण पाहिलं. "बाई, शिबिरात मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, अक्षरं असली तरच उलटं कोर. मेंढीला काय, डावं-उजवं सारखंच."

मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

त्या दुपारी आम्ही नाना उपाय केले. पुन्हा तेवीस मेंढरं करायची तर वेळ नव्हता. गुरुवारी भट्टी पेटवायलाच हवी होती. एका मेंढीच्या उजव्या कानाची खाच मी ओल्या मातीने बुजवून पाहिली. वाळलेल्या मातीला ओली माती धरत नाही, हेही शिकवणारी मीच. ठिगळ दिसत होतं ते दिसतच राहिलं. सारिका म्हणाली, "राहू दे बाई. लोकांना काय कळणार आहे?" आणि तोंड फिरवून गोणपाट झटकत बसली. लोकांना कळणार नव्हतं हे खरंच होतं. ज्याला कळायला हवं त्याला कळलं होतं.

चूक कबूल

रात्री मला झोप लागली नाही हे लिहिणार होते, पण मंदाताईंच्या मटणापुढे तेही खोटं ठरेल. झोप उत्तम लागली. सकाळी मात्र उठल्या उठल्या मी आबांपुढे जाऊन उभी राहिले.

"आबा, चूक पोरीची नाही. माझी आहे. मी तिला चुकीचं शिकवलं."

"मास्तरीण चुकती व्हय?" त्यांनी मिश्कीलपणे विचारलं.

"चुकते. या, दाखवते."

मी त्यांना यंत्रापाशी नेलं. सारिकाने मोरीचा कोरलेला तुकडा आणला. आबांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला. "डावा कान," ते म्हणाले. सारिकाने शाई लावली, कागद ठेवला, आणि मी म्हटलं, "चाक तुम्ही फिरवा." कडबाकुट्टीचं चाक म्हटल्यावर आबांना सांगायला नको. त्यांनी ते एका झटक्यात असं फिरवलं की मी ओरडले. मग कागदाचं टोक धरून त्यांनी स्वतःच तो सोलून काढला.

ठशात मोरी उलट्या दिशेने निघाली होती. खाच उजव्या कानाला.

आबांनी तुकडा पाहिला. कागद पाहिला. पुन्हा तुकडा. आणि मग ते हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. "आरं तिच्या मायला! म्हंजे कागदानं पळवली व्हय मेंढरं! वरच्या वस्तीला नेऊन सोडली!" डोळे पुसत ते खाली बसले. गोठ्यातून मंदाताई शेणाच्या हातांनी धावत आल्या. सासऱ्यांना असं हसताना त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याही काही न विचारता हसू लागल्या, आणि आम्हीही.

हसू ओसरल्यावर आबा ठिगळाच्या मेंढीकडे बघत म्हणाले, "बाई, तुमी काल कान बुजवायला निघाला व्हता न्हवं? तसं करायचं नसतं. बाजारातनं आणलेल्या मेंढराचा जुना कान कुणी पुसत न्हाय. ते कुठनं आलं ते कानाला राहू द्यायचं. आपली खाच दुसऱ्या कानाला मारायची. दोन्ही कानाला खाच असली म्हंजे वळखायचं, आलेलं हाय, पर आता घरचं."

"मग मारा की आबा," सारिका हळूच म्हणाली.

आबांनी पातळ पात्याची जुनी सुरी आणली. सारिकाने ओल्या फडक्याने प्रत्येकीचा डावा कान जरा भिजवून नरम केला. आबा मांडी घालून बसले, मेंढी मांडीवर घेतली, आणि डाव्या हाताने तिचं तोंड धरलं, ती हलू नये म्हणून. माती ती, हलणार कशी? पण त्यांनी धरलं. सुरी एकदाच फिरली. टोकाजवळ छोटीशी खाच. मग त्यांनी मान वर न करता हात पुढे केला.

"हळद."

सारिका माझ्याकडे बघू लागली. मंदाताई मात्र घरात गेल्या आणि हळदीची वाटी घेऊन आल्या. आबांनी चिमूट घेऊन कानाच्या खाचेवर दाबली. जिवंत मेंढराची जखम पिकू नये म्हणून दाबतात तशी. मग दुसरी मेंढी मांडीवर. तेवीस कान झाले तेव्हा शेडभर हळदीचा वास होता, आणि मला हसायचंही होतं आणि रडायलाही येत होतं. मी दोन्ही केलं.

"आता झाली का आपली?" सारिकाने विचारलं.

"जखम भरंस्तवर आपलं म्हणायचं न्हाय," आबा सुरी पुसत म्हणाले. "म्हटलं की चिघळतं. जुनं माणूस असंच सांगत आलंय."

भट्टी

कान वाळायला एक दिवस ठेवले. त्या दिवशी वेड्या बाभळीची लाकडं आणायला आम्ही अंथुर्ण्याला गेलो आणि परतताना टेम्पोत लाकडांवर बसायची हौस मीच केली. बाभळीला काटे असतात. याहून जास्त लिहीत नाही.

गुरुवारी उजाडताना भट्टी पेटली. विटांची, माणसाच्या छातीएवढी, सारिकाने स्वतः बांधलेली. मेंढरं आत एकमेकींवर बेताने रचून तोंड विटांनी बुजवलं. सुरुवातीला आच अगदी मंद ठेवायची, मातीतली ओल हळूहळू निघू द्यायची. घाई केली तर मूर्ती फुटते. आबा पहिल्यापासून तिथेच होते. सारिका जरा मोठं लाकूड सारायला गेली की म्हणायचे, "दमानं, दमानं. उन्हात एकदम पळवायची नसत्यात." दुपारनंतर जाळ वाढवला, उसाचं पाचट टाकलं की भट्टी हुंकारायची. मंदाताईंनी तिथेच भाकरी आणून दिल्या, आणि ऊस. आमच्याकडे ऊस म्हणजे देव-दिवाळीला दारात दोन दांडे. इथे मी दातांनी सोलून इतका खाल्ला की जीभ सोलली. सूर्य कलला तेव्हा फटींतून मेंढरं नारिंगी दिसत होती. सारिकाने लाकडं सारायच्या तोंडालाही विटा लावल्या, आणि मग थांबणं आलं. शुक्रवार भट्टी निवण्यात गेला. मी सारिकाला चार गोष्टी सांगितल्या, तिने एकही ऐकली नाही.

शनिवारी सकाळी भट्टीचं तोंड उघडायचं होतं. दुसऱ्या दिवशी बारामतीला प्रदर्शन. सारिका विटा काढू लागली तसे आबा पुढे आले आणि तोंडाशी बसले.

"तू आतनं दे. मी घेतो."

पहाटे वाड्याचं दार अर्धं उघडून मेंढरं एकेक करून बाहेर सोडायची आणि मोजायची, ही आबांची जुनी रीत होती, हे मंदाताईंनी माझ्या कानात सांगितलं. आज तेच चाललं होतं. सारिका राखेत हात घालून एकेक मेंढी काढायची. काळी माती भाजून विटकरी झाली होती, कुठे धुराने काळी. आबा तिला फुंकर मारायचे, डाव्या कानावर अंगठा फिरवायचे, बाजूला ठेवायचे. सात. बारा. अठरा.

एकोणिसाव्या मेंढीचा अर्धा उजवा कानच गायब होता. मी बुजवलेला. ठिगळ गळून पडताना अर्धा कान घेऊन गेलं होतं. मी जमिनीकडे बघू लागले. आबांनी ती फिरवून पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "हिला कुत्र्यानं धरलं असंल," ते गंभीरपणे म्हणाले, आणि ती इतरांत ठेवून दिली.

तेविसावी मोरी होती. आबांनी तिची राख आपल्या धोतराने पुसली. डावा कान उन्हाकडे धरला. हळदीचा कणही उरला नव्हता. खाचेच्या कडा भाजून टणक, गुळगुळीत झाल्या होत्या. ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"भरली जखम," ते म्हणाले.

सारिका राखेत गुडघ्यांवर बसली होती. आबा मोरीला काखेत घेऊन उठले, गुडघ्यावर हात टेकून सावरले, आणि घराकडे तोंड करून, पूर्वी कळप घेऊन दारी आल्यावर देत असतील तशी, मोठ्याने हाक दिली.

"मंदा! दार उघड गं. आपली मेंढरं आल्यात!"

मंदाताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तरी त्या पळत घराकडे गेल्या आणि उघडंच असलेलं दार त्यांनी पुन्हा सताड उघडलं.